तो तांदूळ कुणाच्या ताटात जाणार होता?

मंगळवार, ८ जुलै २०२५
सामान्य काळातील चौदावा आठवडा
धन्यवादित फ्लोरिबर्ट ब्वाना चुई, रक्तसाक्षी

पहिले वाचन: उत्पत्ती ३२:२२-३२
प्रतिसाद स्तोत्र: स्तोत्र १७
शुभवर्तमान: मत्तय ९:३२-३८

चिंतन



आजच्या शुभवर्तमानात संत मत्तय आपल्याला येशूबरोबर गावोगाव फिरवतो. सुरुवातीला लोक एका मुक्या माणसाला घेऊन येतात. त्याला भूतबाधा झालेली आहे. येशू त्याला मोकळा करतो आणि तो बोलू लागतो. लोक थक्क होतात. परुशी मात्र नाक मुरडतात. हे सगळं सैतानाच्याच जोरावर चाललंय, असा त्यांचा आरोप. येशू त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. तो पुढच्या गावाला निघतो, शिकवतो, देवराज्याची सुवार्ता सांगतो, आजाऱ्यांना बरे करतो. आणि मग मत्तय लिहितो, की समोरची गर्दी पाहून येशूला त्यांचा कळवळा आला.

मूळ ग्रीक भाषेत 'कळवळा' यासाठी जो शब्द आहे तो पोटातल्या आतड्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे आई म्हणते ना, "लेकरासाठी आतडं तुटतं माझं", अगदी तोच अर्थ. येशूने माणसे पाहिली, ती दमलेली, विखुरलेली, वाली नसलेल्या मेंढरांसारखी दिसली आणि त्याचे आतडे तुटले. यातला क्रम लक्षात ठेवा. आधी बघणे, मग कळवळा, आणि मग शिष्यांना सांगणे: शेत तर कापणीला आले आहे, हात मात्र कमी पडताहेत, तेव्हा शेताच्या धन्याकडे कामकरी मागा.

इथे आजचे वाचन संपते. पण पुढचा, म्हणजे दहावा अध्याय उघडून बघा. ज्या बारा जणांना येशूने "प्रार्थना करा" म्हणून सांगितले, त्यांनाच तो कामावर पाठवतो! म्हणून देवाकडे कामकरी मागणाऱ्याने आपल्या बाह्या आधीच वर सारून ठेवलेल्या बऱ्या.

आज ८ जुलै. आफ्रिकेतल्या एका तरुण स्वयंसेवकाचा हा स्मरणदिन. तेवीस दिवसांपूर्वी, १५ जून रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, रोममधल्या संत पौलाच्या महामंदिरात त्याला 'धन्यवादित' घोषित करण्यात आले. म्हणजे धन्यवादित म्हणून त्याचा हा पहिलाच सण. त्याचे नाव फ्लोरिबर्ट ब्वाना चुई. गाव गोमा, देश काँगो लोकशाही प्रजासत्ताक.

गोमा कुठे आहे?

काँगोच्या अगदी पूर्वेला, किवू सरोवराच्या काठावर आणि रवांडाच्या सीमेला चिकटून गोमा शहर वसले आहे. उत्तर किवू प्रांताची ती राजधानी. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय सैन्याच्या तुकड्या बरीच वर्षे या भागात होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जवानाच्या घरी हे नाव ऐकलेले असेलही.

या शहराने काय काय सोसले नाही! १९९४ साली रवांडात वंशसंहार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत लाखो निर्वासित सीमा ओलांडून गोमात आले आणि पटकीच्या साथीत हजारो माणसे दगावली. पाठोपाठ काँगोतली युद्धे सुरू झाली. जानेवारी २००२ मध्ये शेजारच्या न्यिरागोंगो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि लाव्हारस थेट शहराच्या वस्तीतून वाहत गेला. लोकांनी त्याच थिजलेल्या काळ्या दगडावर पुन्हा घरे बांधली. याच वर्षी जानेवारीत बंडखोरांनी गोमा ताब्यात घेतले. आपण हे चिंतन वाचत आहोत तेव्हाही तिथली माणसे शांततेची वाट बघत आहेत.

अशा शहरात रस्त्यावरची मुले खूप असतात. कुणाचे आईवडील युद्धात गेले, कुणी पळापळीत हरवले, कुणाला घरच्यांनीच गरिबीपायी बाहेर काढले. तिथे या मुलांना 'माईबोबो' म्हणतात. लोक त्यांना हाकलतात, चोर समजतात. आपल्या रेल्वे स्टेशनवरच्या मुलांकडे बघून आपण पर्स पोटाशी धरतो ना, तसंच.

फ्लोरिबर्टचा जन्म १३ जून १९८१ रोजी याच गोमात झाला. निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, लाव्हा आला तेव्हा वीस वर्षांचा. कायद्याचे शिक्षण घेत असताना त्याची ओळख 'सान्त एजिदियो' या ख्रिस्ती समूहाशी झाली. हा समूह १९६८ साली रोममध्ये सुरू झाला. आन्द्रेया रिकार्दी हा तेव्हा शाळेत शिकणारा मुलगा. त्याने मित्रांना घेऊन शुभवर्तमान वाचायला आणि शहराबाहेरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या संत एजिदियोच्या चर्चवरून समूहाला नाव पडले. पुढे मोझांबिकचे गृहयुद्ध थांबवणारा करार ४ ऑक्टोबर १९९२ रोजी झाला, तो याच समूहाच्या मध्यस्थीने. पोप फ्रान्सिस महोदयांनी या समूहाची ओळख तीन शब्दांत सांगितली होती: प्रार्थना, गरीब आणि शांती. आज हा समूह अनेक देशांत आहे. त्याचे बहुतेक सदस्य साधे प्रापंचिक लोक. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार. सेवेचा पगार कुणालाच नाही.

गोमातल्या तरुणांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी 'शांतिशाळा' चालवली. फ्लोरिबर्ट तिथे जाऊ लागला. मुलांना शिकवायचे, त्यांच्याबरोबर खेळायचे, जेवायचे, त्यांना पुन्हा शाळेत घालण्यासाठी धडपडायचे, असे ते काम. बघायला गेले तर त्यात मोठे काही नाही. पण ठरलेल्या वेळी, त्याच मुलांकडे, पुन्हा पुन्हा जायचे. हळूहळू 'माईबोबो' हा शब्द गळून पडतो आणि मुलांची नावे उरतात. कोण हसतो कसा, कोण जेवताना अर्धी भाकरी भावासाठी खिशात लपवतो, कोण दोन दिवस दिसला नाही, हे सगळे कळायला लागते.

इथे एक गोष्ट आपण समजून घेऊ या. 'आफ्रिकेत स्वयंसेवा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? विमानातून उतरलेले कुणीतरी परदेशी, हातात औषधांची पेटी आणि समोर हात पसरलेली काळी पोरे. देव त्या परदेशी स्वयंसेवकांचेही भले करो. पण गोमात मुलांच्या पंगतीला वाढणारा हात गोमातलाच होता. ज्याच्या शहरावर लाव्हा आला, ज्याने स्वतः युद्ध पाहिले, त्यानेच आपला वेळ दिला. कापणीला कामकरी लागतात तेव्हा ते नेहमी दुसऱ्या गावाहून येतात असे नाही. येशूच्या बारा जणांपैकी बहुतेक गालीलातलेच होते. "आमच्याकडेच काही नाही, आम्ही काय देणार?" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला गोमाच्या या तरुणांनी उत्तर दिले आहे.

सडका तांदूळ

शिक्षण संपल्यावर फ्लोरिबर्टला सरकारी नोकरी लागली. सीमेवरून येणाऱ्या मालाची तपासणी करायची आणि खराब झालेला माल अडवायचा, हे त्याचे काम. २००७ साली रवांडाच्या बाजूने आलेला तांदूळ त्याच्यासमोर आला. तो माणसाने खाण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. माल सोडावा म्हणून त्याला पैसे देऊ केले. त्याने नकार दिला. रक्कम वाढली. त्याने पुन्हा नकार दिला. मग दबाव आला, धमक्या आल्या. तो बधला नाही.

७ जुलै रोजी त्याला पळवून नेण्यात आले. त्याचा छळ करून त्याला ठार मारले गेले. वय वर्षे २६.

त्याआधी ओळखीच्या एका डॉक्टर धर्मभगिनीजवळ त्याने मन मोकळे केले होते. त्याच्या बोलण्याचा मतितार्थ असा, की पैसा काय, आज आहे नि उद्या संपेल. पण हे खाणाऱ्या माणसांचे काय होईल? आणि मी ख्रिस्तात जगतो की नाही?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न कुठून आला असेल? तपासणीच्या टेबलावर कागद असतात. कागदावर असते गोण्यांची संख्या, वजन, मालकाचे नाव. खाणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते. म्हणून तर सही करायला हात अडखळत नाही. पण जरा विचार करा, सडका तांदूळ बाजारात आला तर तो कोण घेतो? ज्याच्या खिशात चार पैसे आहेत तो वास घेऊन बाजूला ठेवतो. स्वस्तातला, कुबट, जाळी धरलेला तांदूळ शेवटी जातो ज्याला पर्याय नाही त्याच्या चुलीवर. निर्वासितांच्या झोपडीत. रस्त्यावरच्या पोरांच्या ताटात. फ्लोरिबर्टने ती ताटे पाहिली होती. त्या ताटांपाठीमागचे चेहरे त्याच्या ओळखीचे होते. टेबलावर कागद ठेवला गेला तेव्हा त्याला गोण्या दिसल्या नाहीत, मुले दिसली असणार.

आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे. लाच घेणाऱ्याला आपण म्हणतो, "तो पैसे खातो." भाषेला सगळं कळतं बघा! एकजण पैसे खातो, आणि त्या पैशांनी जे मोकळं सुटतं ते दुसऱ्या कुणाला तरी खावं लागतं. कुणी सडका तांदूळ खातो, कुणी भेसळीचं दूध पितो, कुणी तारीख उलटलेलं औषध घेतो, कुणाच्या डोक्यावर कमी सिमेंटचा स्लॅब कोसळतो. खाणारे दोघे असतात. फक्त ते एकमेकांना कधी भेटत नाहीत. फ्लोरिबर्ट मात्र दुसऱ्या खाणाऱ्याला दर आठवड्याला भेटत होता. म्हणून त्याला पहिला खाणारा होता आले नाही.

मला वाटतं, ख्रिस्ती सेवेचं खरं फळ हे आहे. आपण समजतो, सेवेमुळे गरिबाला काहीतरी मिळतं. मिळतंच. पण सेवेने सेवकालाही डोळे मिळतात. आज शुभवर्तमानातही आधी येशूने गर्दी *पाहिली*. ज्याने पाहिलेच नाही, त्याचे आतडे तुटणार कसे?

आणि तो मुका माणूस आठवा. सैतानाला माणूस मुका झालेला फार आवडतो. पैसा हे काम किती सहज करतो! पाकीट हातात पडले की तोंडाला कुलूप लागते. तपासणारा बोलत नाही, साहेब बोलत नाही, शेजारचा टेबलवाला बोलत नाही. सगळे कार्यालय मुके होऊन जाते. अशा ठिकाणी एका माणसाने "नाही" म्हणणे म्हणजे मुक्याला वाचा फुटण्याचाच चमत्कार आहे. आणि त्या वेळी परुशांसारखे बोलणारे भेटतातच: "मोठा शहाणा लागून गेलाय! याला काहीतरी दुसरंच हवं असेल."

याकोबची रात्र

आता पहिल्या वाचनाकडे वळू या. याकोब यब्बोक नदीच्या काठावर एकटा आहे. उद्या त्याला भाऊ एसाव भेटणार आहे, ज्याला त्याने फसवले होते. याकोबने काय केले? एसावचा राग शांत व्हावा म्हणून शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई-बैल यांचे कळपच्या कळप भेट म्हणून पुढे पाठवून दिले. याकोबची आयुष्यभराची रीतच ती. काहीतरी युक्ती करायची, काहीतरी द्यायचे, आणि सुटायचे.

पण त्या रात्री सगळ्या भेटी पुढे निघून गेल्या आणि याकोब मागे एकटा उरला. मग पहाटेपर्यंत कुणीतरी त्याच्याशी झुंजत राहिले. ही झुंज देऊन-घेऊन मिटण्यासारखी नव्हती. त्या अनोळखी पुरुषाने त्याला नाव विचारले. 'याकोब' या नावातच टाच धरणारा, फसवणारा असा अर्थ दडलेला. म्हणजे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले, मी कोण आहे ते. तेव्हा त्याला नवे नाव मिळाले, इस्राएल. आशीर्वाद मिळाला. आणि जांघेचा सांधा निखळला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालत होता.

विवेकबुद्धीची झुंज अशीच असते. ती रात्री एकट्याने लढावी लागते. तिथे ओळखपाळख चालत नाही, वशिला चालत नाही. आणि त्या झुंजीतून बाहेर पडणारा माणूस आशीर्वाद घेऊन येतो, पण बऱ्याचदा लंगडतच येतो. प्रामाणिक राहिलेल्या माणसाची बढती अडते, बदली होते, चार मित्र कमी होतात. आशीर्वाद मिळाला म्हणून सांधा दुखायचा थांबत नाही.

इथे कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवे: "याकोब लंगडत का होईना, पण पलीकडे गेला. फ्लोरिबर्टचे काय? त्याला तर ती सकाळ दिसलीच नाही. देवाने त्याला का वाचवले नाही?"

या प्रश्नावर घाईने उत्तर देऊ नये. ज्या आईचा मुलगा सव्विसाव्या वर्षी गेला, तिच्यासमोर आपली गोड वाक्ये फिकी आहेत. पण आजचे स्तोत्र वाचा. सतरावे स्तोत्र एका निर्दोष माणसाची प्रार्थना आहे. शत्रूंनी त्याला घेरले आहे. त्या शत्रूंचा वाटा याच जगात, पोट भरण्यापुरता आहे. आणि प्रार्थना करणारा शेवटी म्हणतो, की आपण जागे होऊ तेव्हा देवाचे मुख बघून तृप्त होऊ. त्याच्या तृप्तीला तांदूळ पुरा पडणारा नाही, पैसाही नाही. ख्रिस्तसभा श्रद्धेने सांगते, की फ्लोरिबर्ट त्या सकाळी जागा झाला आहे.

याकोबने त्या जागेला 'पनीएल' नाव दिले, म्हणजे देवाचे मुख. आणि दुसऱ्या दिवशी एसावने त्याला मिठी मारली, तेव्हा याकोब त्याला म्हणाला, की तुझे तोंड बघणे म्हणजे देवाचे मुख बघण्यासारखेच आहे. हे तेहतिसाव्या अध्यायात आहे, जरूर वाचा. रात्री देवाचे मुख, सकाळी भावाचे मुख. फ्लोरिबर्टच्या बाबतीत क्रम फक्त उलटा झाला. आधी त्याने गोमाच्या पोरांची तोंडे बघितली, मग देवाचे मुख.

लाच नाकारली म्हणून रक्तसाक्षी?

काहींच्या मनात ही शंकाही येईल. त्याला कुणी "ख्रिस्त नाकार" असे म्हटले नव्हते. मग रक्तसाक्षी कसा? याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या परंपरेत जुने आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी योहान बाप्तिस्त्याचे उदाहरण दिले आहे. योहानलाही कुणी देव नाकारायला सांगितले नव्हते. त्याने राजाला त्याच्या तोंडावर खरे सांगितले, म्हणून त्याचे शिर गेले. श्रद्धेपोटी केलेल्या सत्कृत्यासाठी जो मरतो, तो श्रद्धेची साक्ष देऊनच मरतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस महोदयांनी फ्लोरिबर्टच्या रक्तसाक्ष्याला मान्यता दिली, ती याच अर्थाने. म्हणजे आता वेदीवर एक असा तरुण आहे, ज्याने सरकारी टेबलावर बसून पवित्रता मिळवली. नोकरदारांनो, हे आपल्यासाठी आहे!

हाताची पाच बोटे

२ फेब्रुवारी २०२३ रोजी पोप फ्रान्सिस महोदय किन्शासाच्या स्टेडियममध्ये तरुणांशी आणि धर्मशिक्षकांशी बोलले. त्यांनी तरुणांना आपल्या हाताकडे बघायला सांगितले. अंगठा म्हणजे प्रार्थना, तर्जनी म्हणजे समूह, मधले बोट म्हणजे प्रामाणिकपणा, अनामिका म्हणजे क्षमा आणि करंगळी म्हणजे सेवा. मधल्या बोटापाशी आल्यावर त्यांनी फ्लोरिबर्टची आठवण काढली. डोळेझाक केली असती तर कुणाला कळलेही नसते, उलट फायदाच झाला असता. पण त्याने प्रार्थना केली, इतरांचा विचार केला आणि भ्रष्टाचाराला नकार दिला, अशा आशयाचे ते बोलले. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोप लिओ महोदयांनीही यात्रेकरूंपुढे हाच प्रश्न ठेवला, की एका तरुणाला एवढे बळ मिळाले कुठून? प्रार्थना, देवशब्दाचे श्रवण आणि भावंडांची संगत यांतून त्याची विवेकबुद्धी घडली, असे त्यांनी सांगितले.

पाचही बोटे एकाच हाताची आहेत. आपण मात्र दोन वेगळे हात ठेवतो. रविवारचा हात वेगळा, सोमवारचा वेगळा. रविवारी हाच हात चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो, सणाच्या समितीत राबतो, गरिबांना धान्याची पिशवी देतो, फोटोही येतो. आणि सोमवारी? "वरपर्यंत द्यावे लागतात हो." "सगळेच घेतात." "चहापाण्याशिवाय फाईल हलत नाही." दोन्ही हात एकाच देहाचे आहेत आणि तोच हात पुढे करून आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो, याचा विसर पडू नये. मुलांना वाढणारा हात आणि सही करणारा हात फ्लोरिबर्टने एकच ठेवला. त्याची किंमत मोजली.

शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फ्लोरिबर्ट एकटा नव्हता. त्याच्याबरोबर प्रार्थना करणारा एक समूह होता. आपल्या धर्मग्रामात काय होते? एखादा तरुण नोकरीत लाच नाकारतो, आणि घरी येऊन त्याला काय ऐकावे लागते? "भोळा आहेस रे." "बायकापोरांचा विचार कर." "जगायला शीक जरा!" भ्रष्ट माणसाने फ्लॅट घेतला की आपण सारे त्याच्या घरशांतीच्या जेवणाला जातो. आणि प्रामाणिक माणसाची बदली झाली की त्याच्या दारात कुणी फिरकत नाही. वाली नसलेली मेंढरे फक्त फुटपाथवर असतात असे नाही. आपल्याच चर्चच्या बाकावर, आपल्याच शेजारी, असा एखादा थकलेला प्रामाणिक माणूस बसलेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बसणे हीसुद्धा कापणीच आहे.

सगळ्यांना रक्तसाक्षी व्हावे लागत नाही. पण सगळ्यांना कुणाचा तरी चेहरा ओळखीचा करून घेता येतो. वर्षातून एकदा शंभर जणांना वाटप करण्यापेक्षा एकाच माणसाकडे दर आठवड्याला जा. वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजीकडे, शिकवणी परवडत नाही अशा एखाद्या मुलाकडे, डायलिसिसला एकटेच जाणाऱ्या शेजाऱ्याकडे. त्याचे नाव, त्याची आवड, त्याचे दुखणे माहीत होऊ द्या. मग बघा, नोकरीतल्या कागदामागे, दुकानातल्या मापामागे, भाड्याच्या करारामागे माणूस दिसायला लागतो की नाही!

गोमाच्या शांतिशाळेला आज फ्लोरिबर्टचे नाव आहे. ज्या हातांनी त्याला मारले त्यांना वाटले असेल, विषय संपला. पण त्याच्या नावाच्या शाळेत मुले आजही पाटीवर अक्षरे गिरवतात.

आजचा संकल्प: आज माझ्या कामातल्या एका गोष्टीकडे मी थांबून बघेन आणि स्वतःला विचारेन, "हे शेवटी कुणाच्या ताटात जाणार आहे?"

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, थकलेल्या गर्दीला पाहून तुझे आतडे तुटले. आम्हांलाही बघणारे डोळे दे. जिथे पैशाने आमची तोंडे बंद झाली आहेत, तिथे आम्हांला वाचा दे. आमचा रविवारचा आणि सोमवारचा हात एक कर. प्रामाणिकपणामुळे जे एकटे पडले आहेत त्यांना आमच्यात सोबती मिळू देत. गोमातल्या, काँगोतल्या सर्व लेकरांना शांती आणि पोटभर स्वच्छ अन्न मिळू दे. तुझ्या शेतात कामकरी पाठव, आणि प्रभू, आम्हांलाही पाठव. आमेन.

धन्यवादित फ्लोरिबर्ट, आमच्यासाठी विनंती कर.